फायरवॉल बंद करण्यापूर्वी

मिरची बाजारासाठी ख्यात असलेल्या पिंपळगाव रेणुकाईतील एखाद्या आडत पेढीचा हिशोब संगणकावर असावा आणि दुसऱ्या संगणकावरून प्रिंटर चालेनासा व्हावा. अशा वेळी अनेकजण फायरवॉलच बंद करतात. कुलूप अडकले म्हणून दार काढून ठेवण्याचाच हा प्रकार. विंडोज नवे नेटवर्क बहुधा ‘पब्लिक’ मानते; त्यामुळे आपसातील देवाणघेवाण अडते. सेटिंगमध्ये पेढीचे नेटवर्क ‘प्रायव्हेट’ करावे, प्रिंटर शेअरिंगला परवानगी द्यावी आणि फायरवॉल चालूच ठेवावी. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेवरील सायबर हल्ल्यात सुमारे ९४ कोटी रुपये गेले. लहान पेढीला तर उधारीची एक खातेवही गमावणेही परवडणारे नसते.