फॉर्मॅट मारण्याआधी पडद्यावरचे वाचा
वाशिम जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना खुले पत्र

मा. मुख्य कार्यकारी अधिकारी,
जिल्हा परिषद, वाशिम



जून-जुलैत दाखल्यांची आणि पीकविम्याची गर्दी असते. तेव्हा सेवा केंद्राच्या दारात एक वाक्य हमखास ऐकू येते : "सर्व्हर डाऊन आहे, उद्या या." कधी ते खरेच असते. पण संगणक दुरुस्तीच्या कामात मी अनेकदा पाहिले आहे की सर्व्हर व्यवस्थित चालू असतो आणि अडलेला असतो तो समोरचाच संगणक. सकाळी बटण दाबल्यावर त्याने पडद्यावर आपली अडचण लिहून दाखवलेली असते. ती इंग्रजीत असते, म्हणून चालक एफ-१ किंवा एन्टर दाबून पुढे जातो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. हा संदेश कुणी वाचायचा, कुठे लिहायचा आणि कुणाला कळवायचा, हे गावपातळीवर ठरवून द्यावे, एवढ्यासाठी हे पत्र लिहितो आहे.

सर्वांत जास्त दिसणारा दोष सर्वांत स्वस्त आहे. मदरबोर्डवर सीआर-२०३२ नावाचा नाण्याएवढा ३ व्होल्टचा सेल असतो. वीज नसताना संगणकाचे घड्याळ तो चालवतो. आपल्याकडे विजांच्या भीतीने संध्याकाळी बोर्डावरचे बटणच बंद करतात, आणि ते बरोबरही आहे. पण मग रात्रभर सगळा भार त्या सेलवर येतो. शिवाय दिवसाही वीज जातेच. सेल संपला की संगणक सुरू होताना तारीख-वेळ चुकल्याचा संदेश येतो आणि तारीख कित्येक वर्षे मागे जाते. प्रत्येक सुरक्षित संकेतस्थळाच्या प्रमाणपत्राला मुदतीची सुरुवात आणि शेवट असतो. जुनी तारीख धरून बसलेल्या संगणकाला आजचे प्रमाणपत्र अजून सुरूच न झालेले दिसते, म्हणून तो संकेतस्थळ उघडायला नकार देतो. डिजिटल स्वाक्षरीही तिथेच अडते. शेतकऱ्याला मात्र "सर्व्हर डाऊन" सांगितले जाते आणि त्याची एक मजुरी बुडते. तीस-चाळीस रुपयांचा सेल बदलला आणि तारीख नीट लावली की काम सुरू होते.

दुसरा प्रकार डेस्कटॉप उघडल्यावर दिसतो. अमुक फाइल सुरू करता आली नाही, ती सापडत नाही, अशी चौकट रोज येते. बहुतेक वेळा त्यामागे पेनड्राइव्हमधून आलेला व्हायरस असतो. अँटिव्हायरसने त्याची फाइल काढलेली असते, पण "संगणक सुरू झाला की ही फाइल चालव" ही नोंद विंडोजच्या रजिस्ट्रीत किंवा टास्क शेड्युलरमध्ये तशीच उरते. विंडोज रोज इमानाने ती फाइल शोधते आणि रोज तक्रार करते. अशा वेळी एक पूर्ण तपासणी करून व्हायरस खरोखर गेल्याची खात्री करावी आणि ती अनाथ नोंद बंद करावी. टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप यादीत ती नाही सापडली तर मायक्रोसॉफ्टचेच ऑटोरन्स हे मोफत साधन सगळ्या नोंदी एकत्र दाखवते. हरवलेली डीएलएल फाइल कुठल्यातरी संकेतस्थळावरून उतरवून बसवणे मात्र घातक आहे. तो उपाय नव्या व्हायरसला आमंत्रण ठरू शकतो.

तिसरा संदेश काळ्या पडद्यावर येतो : हार्ड डिस्क खराब होत आहे, बॅकअप घ्या, डिस्क बदला. हा संदेश एफ-१ दाबून पुढे ढकलला, तर एक दिवस संगणक सुरूच होत नाही आणि ग्रामपंचायतीचे नमुने, कराच्या याद्या, लोकांचे स्कॅन केलेले कागद सगळेच त्यात अडकते. इतर संदेशांना एखादा दिवस देता येतो. याला तासभरही देऊ नये.

या तिन्हींवर आपल्याकडे एकच औषध चालते. "फॉर्मॅट मारून द्या न भाऊ, विंडोज नवीन टाका." मोटार पाणी ओढत नाही म्हणून कोणी विहीर बुजवत नाही, आधी फूटव्हॉल्व पाहतात. संगणकाच्या बाबतीत मात्र आपण थेट विहीर बुजवतो. विंडोज नवीन टाकल्याने सेल भरत नाही आणि मरणारी डिस्क वाचत नाही. उलट डेस्कटॉपवर ठेवलेले काम जाते. प्रिंटर, स्कॅनर, अंगठ्याचे यंत्र आणि स्वाक्षरीच्या टोकनचे ड्रायव्हर पुन्हा बसवावे लागतात. ई-ग्रामस्वराज या पंचायतींच्या ऑनलाइन प्रणालीवर सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी यांच्या डिजिटल स्वाक्षरीशिवाय देयक पुढे सरकत नाही. टोकन ओळखले गेले नाही तर गावाचे पैसे खात्यात असूनही थांबतात.

याच्या उलट उदाहरण पाहा. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे जगातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक सुरू होताना निळ्या पडद्यावर अडकले. भारतातल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. त्या संगणकांवरचा उपाय काय होता? सेफ मोडमध्ये जाऊन ती एक सदोष फाइल काढणे. संदेश वाचला गेला, कारण सापडले आणि तेवढेच दुरुस्त केले गेले. मंगरूळपीर किंवा मानोऱ्याच्या ग्रामपंचायतीला हीच पद्धत लागू पडते.

म्हणून माझी विनंती अगदी साधी आहे. प्रत्येक ग्रामपंचायतीत आणि जिल्हा परिषद शाळेत संगणकाशेजारी एक वही असावी. सुरुवातीला आलेला संदेश शब्दशः त्यात लिहावा आणि त्याचा मोबाइलवर फोटो काढावा. आदल्या दिवशी काय नवीन बसवले, वीज गेली होती का, कुणाचा पेनड्राइव्ह लावला, हेही लिहावे. निम्मे निदान तिथेच होते. नेहमीच्या संदेशांची एक मराठी पुस्तिका काढावी. त्यात पडद्यावर दिसतो तसा संदेश, त्याचा अर्थ आणि पहिले पाऊल एवढेच द्यावे. वाशिम, रिसोड, मालेगाव, कारंजा, मंगरूळपीर आणि मानोरा या सहा तालुक्यांत प्रत्येकी एक जबाबदार तंत्रज्ञ असावा आणि त्याच्या लेखी परवानगीशिवाय कार्यालयातला कोणताही संगणक फॉर्मॅट होऊ नये. ही अट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. सेल आणि बॅकअपची डिस्क यांच्या किरकोळ खर्चाला स्थानिक पातळीवरच मंजुरी मिळावी.

याला घाईचे एक कारणही आहे. विंडोज १०चा नियमित मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि जुन्या प्रोसेसरच्या अनेक संगणकांवर विंडोज ११ अधिकृतपणे बसत नाही. कोणत्या गावात कोणता संगणक आहे, त्याचे वय काय, तो सुरू होताना काय सांगतो, याची यादी आज तयार झाली तर बदलायचे कोणते आणि सेलवर भागणारे कोणते हे ठरवता येईल.

पुढचा खरीप हंगाम सुरू होण्याआधी ही वही आणि पुस्तिका गावात पोहोचवावी, ही कळकळीची विनंती. पुस्तिकेचा मजकूर लिहायला आणि चालकांना शिकवायला माझ्यासारखे दुरुस्ती करणारे विनामोबदला येतील. आपण फक्त बोलवा.

आपला विश्वासू,
वाशिम जिल्ह्यातील एक संगणक दुरुस्ती करणारा