‘लेकरं पळवायलेत’

१ जुलै २०१८ रोजी, आठवडी बाजाराच्या दिवशी, धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडून ठेचून मारले. मुले पळविणाऱ्या टोळीचे संदेश तेव्हा व्हॉट्सॲपवरून फिरत होते. आमच्या नांदेड-लातूरकडच्या अध्यापकवर्गात या घटनेचा विषय निघाला की निष्कर्ष ठरलेला असतो : माध्यम निर्दोष, समाज अडाणी. या निष्कर्षाशी आमचे भांडण आहे.

समाज निर्दोष आहे, असे आम्ही म्हणत नाही. फिरस्त्यांविषयीचा संशय जुना आहे. १८७१ च्या कायद्याने इंग्रजांनी जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरविल्या. तो शिक्का किती खोल जातो, हे आजच्या लातूर जिल्ह्यातील धनेगावच्या लक्ष्मण गायकवाडांचे ‘उचल्या’ (१९८७) वाचलेल्या कोणाही विद्यार्थ्यास सांगावे लागत नाही. परंतु पारावरच्या अफवेला निदान सांगणारा असे. त्याची पत ऐकणाऱ्यास ठाऊक असे. पुढे ढकललेल्या संदेशात मूळ सांगणारा पुसला जातो आणि मेव्हण्याची किंवा गुरुजींची पत त्यास आयती चिकटते. २०१८ साली देशभर पसरलेली एक चित्रफीत तर कराचीतील मुलांच्या सुरक्षिततेसाठीची जाहिरात होती. शेवट कापला, सावधगिरीचा धडा अपहरणाचा पुरावा झाला.

आणि माध्यम निर्दोषच होते, तर राईनपाड्यानंतर काही आठवड्यांतच कंपनीने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पुढे धाडण्याची मर्यादा का घातली? धोका यंत्राच्या घडणीत होता, याची ती कबुलीच होय. मोजदाद मात्र प्रेते पडल्यावर झाली.

ही मोजदाद करतो कोण? युरोपीय संघाच्या २०२२ च्या कायद्याने साडेचार कोटींहून अधिक वापरकर्ते असणाऱ्या मंचांना समाजास होऊ शकणाऱ्या अपायांचे दरवर्षी मूल्यमापन करणे आणि त्याची बाहेरच्यांकडून तपासणी करून घेणे बंधनकारक केले. आपल्याकडील २०२१ चे नियम पन्नास लाखांवर नोंदणीकृत वापरकर्ते असलेल्या मंचांकडून अधिकारी नेमून घेतात, मासिक अहवाल मागतात. असे मूल्यमापन मागत नाहीत. फेसबुकने भारतापुरते एक मूल्यमापन बाहेरच्या कायदेसंस्थेकडून करून घेतले खरे. २०२२ साली त्याचा काही पानांचा सारांश तेवढा बाहेर आला. मूळ अहवाल कंपनीने स्वतःपाशीच ठेवला. परीक्षार्थ्याने आपलीच उत्तरपत्रिका तपासून घ्यावी, वर ती दाखवूही नये! विद्यापीठात हे चालवून घेतले असते काय? (या प्रश्नाचे उत्तर आम्ही फार खोलात जाऊन शोधू इच्छित नाही.)

येथे प्रश्न भाषेचा येतो, म्हणजे आमचा. ‘लेकरं पळवायलेत’ या दोन शब्दांत शिवी नाही, द्वेष नाही, कोणत्या जातीचे नावही नाही. शिव्यांची यादी घेऊन बसलेल्या चाळणीतून ते अलगद निसटतील. ‘पळवायलेत’ हे नांदेड-लातूरचे क्रियापद प्रमाण मराठीच्या व्याकरणातही सहज सापडत नाही. मग देगलूरची तेलुगूत मिसळलेली, उदगीरची कानडीला टेकलेली बोली आणि तांड्यावरची गोरमाटी कोण वाचणार? त्या शब्दांतला धोका ते कोण, कोणत्या गावात, बाजाराच्या कोणत्या वेळी वाचतो यात असतो. अर्थ संदर्भाने ठरतो, हे तर आपण पहिल्या वर्षाला शिकवितो.

तरीही आपण हात झटकून मोकळे होतो. डवरी गोसावी, बहुरूपी, वासुदेव यांच्यावर लोकसाहित्याच्या तासाला टिपणे द्यायची, त्यांच्या गाण्यांचे संकलन करायचे आणि ज्या मजकुरामुळे त्यांचा जीव जातो तो मात्र संकलनाच्या लायकीचा नाही, असे मानायचे. त्या जूनमध्ये आमच्या भागात कोणते संदेश, कोणत्या बोलीत, किती पाठभेदांसह फिरले? आमच्या पाहण्यातल्या एकाही मराठी विभागाने ते टिपून ठेवलेले नाहीत. कंपनीने आपला अहवाल उघड करावा, ही मागणी आम्ही करतोच. पण उद्या कोणी नांदेडला येऊन पुरावा मागितला, तर आमच्याकडे ओवीचे पाठभेद निघतील, अफवेचे निघणार नाहीत.