‘झाडपाल्याचे आहे’ म्हणून निर्धास्त राहू नका

“झाडपाल्याचे औषध आहे, त्याने काय अपाय होणार?” असे आपल्या वस्तीत सर्रास म्हटले जाते. कोरोनाच्या काळात याच भरवशावर घरोघरी गुळवेलीचा काढा उकळला गेला. काही घरांत तो आजही रोज घेतला जातो. म्हणून स्पष्ट सांगायला हवे: ज्या वनस्पतीत गुण असतो, तिच्यात अपाय करण्याची ताकदही असू शकते.

गुळवेलीतील काही घटक रक्तातील पांढऱ्या पेशींना, विशेषतः जंतू गिळणाऱ्या भक्षक पेशींना चेतवतात, हे प्रयोगशाळेत दिसले आहे. पण चेतलेली प्रतिकारशक्ती फक्त जंतूंवरच तुटून पडेल, याची खात्री नसते. काही माणसांत ती स्वतःच्याच यकृतावर उलटते.

2021 मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला सूज आलेल्या 6 रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने हरकत घेतली. गुळवेलीसारखी दिसणारी दुसरी वेल वापरली गेली असावी, असे सांगितले. 2022 मध्ये देशातील 13 केंद्रांतील 43 रुग्णांचा अभ्यास आला. त्यात मिळालेले नमुने तपासले, तेव्हा ती गुळवेलच निघाली. काढा घेणाऱ्या प्रत्येकाला हा त्रास होत नाही; पण आपल्याला होणार नाही, हे आधी कसे कळणार?

थायरॉईडचा काही आजार, संधिवात, सोरायसिस अशा आजारांत मुळातच प्रतिकारशक्ती स्वतःच्या शरीरावर उलटलेली असते. अशांनी आणि यकृताचा आजार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय गुळवेल घेऊ नये. काढा घेताना भूक मेली, मळमळ सुरू झाली, लघवी गडद झाली किंवा डोळे पिवळे दिसले, तर काढा ताबडतोब बंद करून सरकारी दवाखाना गाठावा. तिथे काढ्याची गोष्ट लपवू नये. आपल्या बायाबापड्या अंगावर दुखणे काढतात आणि “घरचेच औषध आहे” म्हणून काढा चालूच ठेवतात. घरच्यांनीच लक्ष द्यायला हवे.

प्रतिकारशक्ती बाटलीतून विकत मिळते, हा जाहिरातीचा दावा आहे. डाळ, अंडी, पालेभाजी, पुरेशी झोप आणि वेळेवर लस यांवर आधी खर्च आणि लक्ष द्या. लस पेशींना नेमका शत्रू ओळखायला शिकवते. काढा नुसताच चेतवतो.