प्रकृतीसाठी आवश्यक

ही आमच्या मेहुण्यांची गोष्ट. यकृताला सूज आहे, आता थेंबही नको, असं डॉक्टरांनी बजावलं, तर यांनी पाकिटातून एक लॅमिनेट केलेला कागद काढून ताईपुढे ठेवला. दारू पिण्याचा तहहयात परवाना. "डॉक्टरांचं काय घेऊन बसलीस? सरकार म्हणतंय, मला प्रकृतीसाठी लागते!" ताईने चष्मा लावून वाचलं. खरंच तसंच लिहिलं होतं.

भानगड अशी की 1949 चा दारूबंदी कायदा आपल्याकडे अजून जिवंत आहे, म्हणून पिणाऱ्याला परवाना लागतो. एक दिवसाचा 5 रुपयांत, वर्षाचा 100, जन्माचा 1000. वय 25 पूर्ण हवं, बिअरला 21 चालतं.

यकृताचा रिपोर्ट कुणी मागत नाही. मी मित्रांबरोबर ज्या परमिट रूममध्ये बसतो (चखण्यापुरता, हसू नका), तिथे परमिट हा शब्द फक्त पाटीवर आहे. पिणाऱ्यावर सरकारचा भारी विश्वास!

हाच विश्वास बाटली आडवी करायला निघालेल्या बायकांवर मात्र नाही. आमच्या आत्याच्या गावचंच बघा. दुकान बंद करायचं तर आधी 25 टक्के महिला मतदारांच्या सह्या. त्या पडताळायच्या. मग मतदान: चिठ्ठीवर एक बाटली उभी, एक आडवी. आत्याने नव्वदीच्या जाऊबाईंनाही रिक्षात घालून नेलं. आडवीला ढिगाने मतं पडली, उभीला जेमतेम. तरी दुकान चालूच! कारण निम्म्याहून जास्त मतं हवीत ती आलेल्या बायकांच्या नव्हे, यादीतल्या सगळ्या बायकांच्या हिशेबाने. यादीत कोण? लग्न होऊन पुण्या-मुंबईला गेलेल्या मुली, ऊसतोडीला गेलेल्या बाया आणि कधीच्या वारलेल्या दोन-तीन म्हाताऱ्या. न आलेलं प्रत्येक नाव उभ्या बाटलीच्याच पथ्यावर पडतं. आत्याच्या सासूबाई हयातभर दारूच्या नावाने बोटं मोडत गेल्या. मेल्यावर दुकानदाराच्या कामी आल्या.

आत्या काही खचणारी नाही. सध्या ती नाव वगळण्याचे नमुना 7 चे अर्ज भरून घेत दारोदार फिरते आहे. पुन्हा मतदान कधी, असं परवा फोनवर विचारलं, तर म्हणाली, "आधी मेलेल्यांची नावं निघू देत, मग जिवंतांचं बघते."