डेव्हीच्या दिव्याने नेमके कोणाचे भले केले?

या मालिकेतील मागील भागाखाली एकच वाक्य अनेकांनी लिहिले: 'हम्फ्री डेव्हीने सुरक्षादीप शोधला आणि खाणकामगारांचे प्राण वाचले.' वाक्य गोड आहे. त्याचा पूर्वार्ध अपुरा आहे आणि उत्तरार्ध आकड्यांपुढे टिकत नाही.

कोळशाच्या थरांतून मिथेन वायू झिरपतो. तो हवेत पुरेसा मिसळला की एका मेणबत्तीने स्फोट होतो. २५ मे १८१२ रोजी ईशान्य इंग्लंडमधील फेलिंगच्या खाणीत असेच घडले आणि ९२ माणसे व मुले दगावली. उघड्या ज्योतीला तेव्हा पर्याय होता तो 'स्टील मिल'चा. एखाद्या पोराने हाताने पोलादी चकती फिरवून तिच्यावर गारगोटी धरायची आणि उडणाऱ्या ठिणग्यांच्या उजेडात इतरांनी कोळसा फोडायचा! त्या ठिणग्यांनीही वायू पेटत असे.

फेलिंगनंतर डॉ. क्लॅनी यांनी १८१३ मध्ये भात्याने पाण्यातून हवा पुरवणारा दिवा मांडला. तो अवजड होता. किलिंगवर्थच्या खाणीतील यंत्रांची देखभाल करणाऱ्या जॉर्ज स्टीफन्सनने २१ ऑक्टोबर १८१५ रोजी आपला दिवा प्रत्यक्ष खाणीत, वायू सुटत असलेल्या जागी नेऊन पारखला. डेव्हीचा निबंध रॉयल सोसायटीपुढे आला ९ नोव्हेंबरला. तरी डेव्हीला २००० पौंड आणि स्टीफन्सनला १०० गिनी! विद्यापीठाबाहेरच्या माणसाची बुद्धी अशीच मोजली जाते. डेव्हीचे श्रेय मात्र नाकारू नये: तारेची जाळी ज्योतीची उष्णता शोषते, म्हणून बाहेरचा वायू पेटत नाही, हे तत्त्व त्याने स्वच्छ मांडले आणि पेटंटही घेतले नाही.

आता उत्तरार्ध. १८३५ च्या ब्रिटिश संसदीय समितीने डरहॅम व नॉर्थम्बरलंड परगण्यांतील मृत्यू मोजले. दिव्यापूर्वीच्या १८ वर्षांत ४४७. नंतरच्या १८ वर्षांत ५३८. कोळशाचे उत्पादन वाढले म्हणून मृत्यू वाढले, असा आक्षेप कोणी घेईल. तो अंशतः खरा आहे. परंतु समितीने स्वतःच आणखी एक कारण नोंदवले: पूर्वी धोकादायक म्हणून सोडून दिलेल्या खाणी या दिव्याच्या भरवशावर चालवल्या गेल्या. म्हणजे वाचलेल्या जिवांच्या बदल्यात मालकांनी नवे जीव धोक्यात घातले.

शिवाय दिवा निर्दोष नव्हताच. जाळीमुळे उजेड मेणबत्तीहूनही मंद पडे, म्हणून कामगार ती काढण्याच्या मोहात पडत. हवेचा झोत जोराचा असला तर ज्योत जाळीबाहेर ढकलली जाई. खरा उपाय होता भरपूर खेळती हवा, म्हणजेच अधिक विहिरी खोदणे. एका विहिरीचा खर्च किती आणि एका दिव्याची किंमत किती, याचा हिशेब मालकांना चांगला कळत होता. प्रत्येक कोळसा खाणीला दुसरी वाट सक्तीची करणारा कायदा आला १८६२ मध्ये, हार्टलीच्या खाणीची एकमेव विहीर बुजून २०४ जण मेल्यानंतर.