हिरवळीचा हिशेब

संपत्तीचे प्रदर्शन प्रत्येक युग आपापल्या परीने करीत असते. एके काळी ते वाड्याच्या दिंडीदरवाजावरून होई. आज ते हिरवळीवरून होते. पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या औद्योगिक पट्ट्यात कारखान्याच्या फाटकामागे कातरलेली हिरवळ असावी, असा जणू दंडकच पडला आहे आणि पुणे परिसरातील बड्या गृहप्रकल्पांच्या जाहिरातींतून गोल्फच्या मैदानाचेही आमिष दाखविले जाते. हिरवळ डोळ्यांना सुखावते, याविषयी वाद नाही. वाद आहे तो तिच्या किमतीविषयी आणि ती किंमत कोण मोजतो याविषयी.

या पट्ट्यातील बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. उरलेले आठ महिने हिरवळ हिरवी ठेवायची तर ती पाजूनच ठेवावी लागते. उन्हाळ्यात दिवसाला केवळ ५ मिलिमीटर पाणी धरले, तरी एका हेक्टरला ५० हजार लिटर लागतात. नागरी पुरवठ्याच्या माणशी १३५ लिटरच्या मापाने हे सुमारे ३७० माणसांचे पाणी झाले. अठरा खळग्यांचे मैदान साधारणतः ५० हेक्टरांचे असते. त्यातील २० हेक्टरांवरची पाजलेली हिरवळ कमी केली, तर रोज १० लाख लिटर, म्हणजे सात हजारांहून अधिक माणसांचे पाणी वाचेल.

हे आकडे ज्या शहराच्या संदर्भात मांडायचे, तेथे नोव्हेंबर २०१९ मध्ये दिवसाआड पाणीपुरवठा सुरू झाला. त्याच शहरासाठी पवना धरणातून बंद नळाने पाणी नेण्याच्या योजनेविरुद्ध ९ ऑगस्ट २०११ रोजी मावळचे शेतकरी द्रुतगती मार्गावर उतरले आणि बऊर येथे पोलिसांच्या गोळीबारात तिघांचे प्राण गेले. ज्या नदीच्या पाण्यासाठी माणसे मेली, तिच्या खोऱ्यात शोभेसाठी किती पाणी खर्ची घालावे, हा प्रश्न केवळ उद्यानशास्त्राचा राहत नाही.

गोल्फला एवढ्या हिरवळीची गरज असते, हाही एक भ्रमच आहे. हा खेळ स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरील वाळवंटी माळांवर, तेथल्याच गवतात वाढला. अमेरिकेत पाइनहर्स्ट येथील प्रख्यात मैदानावर २०१०-११ मध्ये सुमारे ३५ एकर पाजलेली हिरवळ काढून तेथे वाळू व स्थानिक गवत आणले गेले आणि २०१४ मध्ये त्याच मैदानावर अमेरिकेची खुली स्पर्धा झाली. चेंडू जेथे खळग्यात घालायचा ती ‘ग्रीन’ आणि तिच्याकडे नेणारा ‘फेअरवे’ एवढीच जागा बारीक कातरलेली हवी; कडेचा ‘रफ’ हा नावाप्रमाणेच रांगडा असावयाचा. शिवाय गोल्फच्या जगात ‘बर्म्युडा’ म्हणून मिरविणारे गवत म्हणजे आपली हरळीच होय. चिंचवडच्या मोरयाला ज्या दूर्वा वाहिल्या जातात, त्यांच्याच संकरित बहिणी परदेशी नावाने आपल्याला विकल्या जातात.

‘रफ’साठी आणि कारखान्यांच्या मोकळ्या आवारासाठी दख्खनच्या माळावर मारवेल, शेडा, पवन्या, डोंगरी अशी गवते आहेत. ती पावसावर वाढतात, दिवाळीनंतर सोनेरी होतात आणि मुळे जिवंत ठेवून पुढच्या पावसाची वाट पाहतात. ती उत्तम चाराही देतात. राहुरीच्या कृषी विद्यापीठाने मारवेलचे सुधारित वाण काढले आहेत. म्हणजे जी जमीन आज केवळ खर्चाच्या बाजूला मांडली जाते, ती थोडी जमेच्या बाजूलाही येऊ शकेल.

आक्षेप येतील. वाळलेले गवत पेट घेते, त्यात साप राहतात, कुसळे टोचतात. यांत तथ्य आहे. पण उपायही शेतकऱ्याला ठाऊक आहेत. इमारती व वाटांलगत पट्टा मोकळा ठेवावा, कुसळी गवत दूर ठेवावे, वेळेवर कापणी करून चारा खेड-मावळच्या दूधउत्पादकांना द्यावा. आम्ही शुद्ध केलेले सांडपाणीच वापरतो, हे उत्तर मात्र अपुरे आहे. तेच पाणी कारखान्यांना देता आले, तर धरणातील तेवढेच पाणी पिण्यासाठी सुटते. पर्याय असलेली कोणतीही वस्तू फुकट नसते, हा अर्थशास्त्राचा पहिला धडा आहे.

म्हणून महानगरपालिकेने आणि औद्योगिक विकास महामंडळाने आराखडे मंजूर करताना पाजलेल्या हिरवळीच्या क्षेत्राला मर्यादा घालावी, तिच्या पाण्याला स्वतंत्र मीटर बसवावा आणि त्याचा दर खऱ्या टंचाईनुसार आकारावा. गोल्फवर बंदी घालण्याचे कारण नाही. ज्याला बारमाही हिरवा गालिचा हवा, त्याने तो जरूर अंथरावा. फक्त त्याचे बिल मावळातल्या शेतकऱ्याच्या आणि दिवसाआड नळाची वाट पाहणाऱ्या गृहिणीच्या नावावर फाडू नये. वैशाखात पिवळा पडणारा माळ हे दारिद्र्याचे लक्षण नव्हे. या भूमीने आपल्या पाण्याचा हिशेब चोख ठेवल्याची ती खूण आहे.