आडव्या पडलेल्या इंजिनातून बाहेर यायची वाट हवी
रेल्वे प्रवासी आणि रुळांकाठच्या गावांना जाहीर आवाहन



2 जून 2024 च्या पहाटे पंजाबात सरहिंदजवळ एका मालगाडीने उभ्या मालगाडीला धडक दिली आणि तिचे इंजिन शेजारच्या रुळांवर आडवे झाले. दोन्ही लोको पायलट, म्हणजे इंजिनचालक, आत अडकले. समोरची काच फोडून त्यांना बाहेर काढावे लागले. जखमी झाले, पण वाचले. चूक कोणाची यावर नंतर पुष्कळ बोलले गेले. त्यांना आपणहून बाहेर का पडता आले नाही, हा प्रश्न मागेच राहिला.

इंजिन कुशीवर पडले की एका बाजूचे दार जमिनीकडे जाते आणि दुसऱ्या बाजूचे डोक्यावर येते. ते जड दार खालून वर ढकलायचे, तेही जागेवरून फेकल्या गेलेल्या, कदाचित हात मोडलेल्या माणसाने, अंधारात. समोरची काच दगडाने फुटू नये म्हणून मुद्दाम भक्कम केलेली असते. ती आतून बुक्क्यांनी फुटणार थोडीच? मागे मशीन रूममधून जाणारी अरुंद वाटही आडवी झालेली, त्यात धूर भरला तर संपलेच.

आपल्या डब्यात लाल रंगाची आपत्कालीन खिडकी असते. बसच्या छतालाही सुटकेची झडप असते. अमेरिकेत 2006 साली झालेल्या नियमांनी 2009 पासूनच्या नव्या इंजिनांत सुटकेची सोय आणि केबिनमध्ये आपत्कालीन दिवे बंधनकारक केले. इंजिनाच्या केबिनमध्ये एसी आणि शौचालय असावे यासाठी आपल्याकडे बरीच वर्षे झगडावे लागले. तो झगडा योग्यच होता, पण सुटकेची वाट त्याच्याही आधी यायला हवी.

इंजिनातल्या माणसाला असलेला धोका कोकणाला वेगळा सांगायला नको. 2003 साली वैभववाडीजवळ आणि 2004 साली करंजाडीजवळ पावसाळ्यात रुळांवर आलेल्या दरडींमुळे गाड्या घसरल्या. दरडीला पहिले तोंड देतो तो इंजिनातला माणूस.

म्हणून रेल्वे मंत्रालयाकडे आणि इंजिनांचे निकष ठरवणाऱ्या लखनौच्या आरडीएसओ या रेल्वेच्या संस्थेकडे एकच मागणी करायची आहे: इंजिन कोणत्याही कुशीवर पडले तरी आतला जखमी माणूस स्वतः बाहेर येऊ शकेल, असा निकष ठरवून जाहीर करा आणि नव्या इंजिनांना तो सक्तीचा करा. जुन्या इंजिनांत निदान काच फोडायची हातोडी, बॅटरीवरचा दिवा आणि बाहेरून कुठे फोडायचे याची ठळक खूण तरी हवी. लोको पायलटांना याचा सराव द्यायला हवा, तोही केबिन आडवी ठेवून. वर्गातल्या फळ्यावर तो होत नाही.

रुळांकाठच्या गावकऱ्यांना एक विनंती. अपघातस्थळी बहुधा तुम्हीच आधी पोचता. आधी 139 या रेल्वे हेल्पलाइनवर कळवा. ओव्हरहेड वायरमध्ये 25,000 व्होल्ट असतात; वीज बंद केल्याचे रेल्वेकडून कळेपर्यंत तुटलेल्या तारेजवळ किंवा तार पडलेल्या इंजिनाजवळ जाऊ नका.

कल्याण, कसारा, कर्जतच्या प्रवासी संघटनांनी हा विषय रेल्वेच्या सल्लागार समितीच्या बैठकीत मांडावा. मोठ्या अपघातानंतर रेल्वे सुरक्षा आयुक्त जाहीर सूचना काढून नागरिकांकडून माहिती मागवतात. तेव्हा इंजिनातली माणसे कशी बाहेर आली, किती वेळाने आली, हे पाहणाऱ्यांनी लेखी कळवावे. आणि बाकीच्यांनी आपापल्या खासदाराला या मागणीचे पत्र याच आठवड्यात पाठवावे.